कोड : 'को'च्या खोक्यातली चिठ्ठी

आमच्या घरात पलंगाखाली सामान नसे, शब्द असत. चपलांच्या दुकानातून मागून आणलेले पुठ्ठ्याचे खोके, त्यांवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात 'का', 'कि-की', 'कु', 'के' असं लिहिलेलं, आणि आत पोस्टकार्डाएवढ्या कागदांच्या हजारो चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा एक अर्थ, तो कुठे सापडला त्याचा आधार आणि एक उपयोगाचं वाक्य. बाबा शब्दकोशाच्या कचेरीत सहायक संपादक होते. कचेरी पुण्यात शनिवार पेठेत, आम्ही नारायण पेठेत, आणि कचेरीत जागा पुरेना म्हणून 'क' अख्खा आमच्याकडे राहायला आला होता. चार वर्षं राहिला. आई म्हणायची, आजवर आलेल्या पाहुण्यांत हाच सर्वांत गुणी. चहा मागत नाही, गरम पाण्यावरून तक्रार नाही, फक्त झुरळं तेवढी घेऊन आला.

तीन खोल्यांची आमची जागा एका छापखान्याच्या वर होती. खालचं यंत्र सुरू झालं की फडताळातले पितळी डबे एकमेकांना हळूच टकरा मारू लागत, आणि ते थांबलं की अचानक शेजारच्यांचा रेडिओ ऐकू येई. कोश छापला जायचा तोही खालीच. म्हणजे एखादा शब्द आमच्या पलंगाखालून निघायचा, टेबलावर तपासला जायचा आणि जिना उतरला की छापला जायचा. एवढ्या कमी प्रवासात इतक्या चुका होतात कशा, याचं बाबांना नेहमी नवल वाटे. चुका शोधायचं काम संध्याकाळी चाले. बाबा मुद्रितांवर पेन्सिल घेऊन बसत आणि आई चिठ्ठीवरचं मोठ्यांदा वाचून दाखवी, तेही गवार निवडता निवडता, विरामचिन्हांसकट आणि एकाच सुरात. "कोठार, नाम, नपुंसकलिंग, अर्धविराम, धान्य साठवण्याची जागा, पूर्णविराम, वसू, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, पूर्णविराम." बाबा एकदा शिट्ट्याही तपासायला लागले होते. माझी शाळेतली व्याकरणाची समज बाईंमुळे फार कमी आणि गवारीमुळे फार जास्त झाली, हे मी आजही मान्य करते.

आता माझ्याबद्दल. तेराव्या वर्षी माझ्या हनुवटीवर, ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा ठिपका आला. पुढच्या दोन वर्षांत तो रुपयाएवढा झाला, आणि उजव्या हाताच्या बोटांनीही त्याचं अनुकरण केलं. ते कोड होतं. हे वाक्य मी आज इतक्या सहज लिहिते आहे, पण आमच्या घरात तेव्हा हा शब्द उच्चारला जात नसे. ज्या घरात पलंगाखाली शिव्यासुद्धा अकारविल्हे लावून ठेवल्या होत्या, त्या घरात! आई म्हणे 'तिचं ते'. मावशी म्हणे 'डाग'. शेजारच्या काकू आवाज खाली घेऊन 'चट्टा' म्हणत आणि मग आवाज पूर्ववत करून साखर मागत. बाबा काहीच म्हणत नसत. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला एक शब्द सुचू नये, याचा मला फार राग यायचा.

उपाय मात्र मोकळेपणाने होत. रोज सकाळी बावचीचं तेल लावून मला गॅलरीत उन्हात बसवलं जाई, वाळवणाच्या पापडांशेजारी. पापड चार दिवसांत वाळून आत जात, मी तीन वर्षं बसून होते. आणि पथ्य! आंबट बंद. म्हणजे ताक नाही, लिंबू नाही, चिंचेची आमटी नाही, कैरीची डाळ नाही. घरात सगळे ताकभात ओरपत असताना मी दूधभात खायचा. एका हॉस्पिटलातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, "हे दुखत नाही, कुणाला लागत नाही, आणि खाण्याशी ह्याचा काही संबंध नाही. मुलीला हवं ते खाऊ द्या." आईने मान डोलावली, रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाई हुशार दिसतात, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?" आणि घरी आल्यावर दूधभात. आता माझ्या वयाला डॉक्टरच ताक प्या म्हणून मागे लागतात, आणि प्रत्येक वेळी मला त्या तीन वर्षांचा हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं.

तर 'क' पुढे सरकत होता आणि मी त्याची वाट पाहत होते. सोळाव्या वर्षी मुली आणखी कशाकशाची वाट पाहतात, मी 'को'ची पाहत होते. 'कि'च्या फॉर्मात, म्हणजे एकदम छापायच्या पानांच्या जुडीत, 'किलास' हा जुना संस्कृत शब्द लागला, तेव्हा मी तो खालच्या छापखान्यातून आलेल्या छापील पानांवर चोरून वाचला. 'किलास : अंगावर पांढरे डाग पडण्याचा विकार. पहा : कोड.' छापून झालेला, शाई वाळलेली. म्हणजे पुढे कधीतरी बाबांना तो शब्द लिहावाच लागणार होता. घरात नाही तर कोशात तरी त्यांना सांगावं लागणार होतं की मला जे झालंय ते काय आहे. मला एवढंच हवं होतं. बरं होण्याची आशा मी पापडांच्या तिसऱ्या हंगामात सोडून दिली होती.

'को'च्या खोक्याची पाळी आली. बाबा कचेरीत गेल्यावर मी ते पलंगाखालून ओढलं. कोट, कोटी, कोठा, कोठार, कोठी, आणि मग कोड. पण तो दुसराच कोड निघाला, लाडाकोडातला. त्याच्यामागे कोडगा, मग कोडे. पुन्हा पाहिलं. चुकून 'कौ'त गेला असेल म्हणून तेही पालथं घातलं. माझा शब्द नव्हता. चिठ्ठी हरवणं ही आमच्याकडे अशक्य गोष्ट. एकदा 'कंगवा' हरवला तर बाबांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. म्हणजे ही चिठ्ठी हरवली नव्हती, कुणीतरी काढली होती. आणि खोक्याला हात लावणारा माणूस घरात एकच होता, चोरून लावणारी धरून दोन. त्या दुपारी मी खूप रडले. बापाला मुलीची इतकी लाज वाटते की त्याने तिच्यासाठी कोश खोटा केला, असं मला वाटलं, आणि तसं वाटण्यात माझी काही चूक नव्हती, असं मला आजही वाटतं.

त्याच आठवड्यात बावची संपली म्हणून आईने मला बुधवार पेठेत अत्तारचाचांकडे पाठवलं. काष्ठौषधींचं त्यांचं दुकान तीन पिढ्यांचं, आणि झाडपाल्याचा शब्द अडला की बाबा त्यांच्याकडे जात. चाचा पुडी बांधत होते, मी बरण्या वाचत उभी. एका बरणीवर 'कोष्ठ' लिहिलेलं होतं.

"चाचा, हे काय?"

"मूळ आहे. वास घे." त्यांनी एक तुकडा पुढे केला. देवळातल्या धुपासारखा वास. "तुझ्या वडिलांनी मागे ह्यावरच माझं डोकं खाल्लं होतं. संस्कृतात ह्याचं नाव कुष्ठ. आणि कातडीच्या रोगाचंही नाव कुष्ठ. रोग पण तोच, दवा पण तोच. जुन्या लोकांनी अठरा तऱ्हेची कुष्ठं मोजली, खाजेपासून ते बोटं झडण्यापर्यंत. सगळं एका पोत्यात."

"आणि कोड?" तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटला, आणि तोही गिऱ्हाइकांच्या गर्दीत.

चाचांनी सुतळी तोडली. "कोड त्याच कुष्ठाचं लेकरू. कुष्ठाचं झालं कोढ, कोढचं कोड. गंमत अशी, की जुन्या वैद्यांनी पांढऱ्या डागाला निराळं नाव ठेवलं होतं. त्याला ना पाणी सुटत, ना तो झडत. लोकांना एवढा फरक करायला वेळ नाही. भीती त्या मोठ्या रोगाची, नाव मिळालं ह्या गरीब डागाला. तू तोंड असं का केलंस? नावाला घाबरायचं तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. हे घे बावची. आणि वडिलांना सलाम सांग."

चाचांचा सलाम मी काही बाबांना सांगितला नाही. पण परत येताना लक्ष्मी रस्त्याने मी तोंडावर ओढणी न घेता आले.

फॉर्म छापायला जाण्याआधी रविवारी सकाळी शेवटचं वाचन होई. मुख्य संपादक आबासाहेब त्यासाठी स्वतः येत. धोतर, काळी टोपी, आणि बोलणं असं की समोरच्याचा चहा गार व्हावा. त्या वाचनाची एक रीत होती. मी मुद्रित मोठ्याने वाचायचं, कारण माझे उच्चार स्वच्छ. आबासाहेब ऐकणार, बाबा चिठ्ठ्यांशी ताडून पाहणार. कुणालाही चूक दिसली तर त्याने 'थांबा' म्हणायचं. पण नुसतं थांबवून चालत नसे. ज्याने थांबवलं त्याने व्युत्पत्ती, अर्थ आणि उपयोग तिन्ही द्यायचे, नाहीतर गप्प बसायचं. आबासाहेबांच्या मते पुण्यात थांबवणारे पुष्कळ, पुढचं सांगणारे कमी, म्हणून हा नियम.

दोन महिन्यांनी 'को'चा रविवार आला, तेव्हा आई आत फोडणीच्या तयारीत होती. मी वाचत होते. कोठी झाली. लाडाचा कोड झाला. कोडगा आला. माझा आवाज थांबला.

"का गं, पान चिकटलं का?" आबासाहेब म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले. "इथे एक शब्द राहिलाय."

बाबांनी मान वर केली नाही. आबासाहेबांनी चष्मा वर केला. "कोणता?"

"किलास छापून झालाय. त्याच्यापुढे लिहिलंय, पहा कोड. कुठे पाहायचं? इथे तर नाहीये."

आबासाहेबांनी पान ओढून घेतलं, बोट फिरवलं, आणि बाबांकडे पाहिलं. "गोविंदराव?"

"राहिलं असेल," बाबा म्हणाले.

"राहिलं? तुमच्याकडून?" आबासाहेब फार हळू बोलले. "आपण गमतीने म्हणतो, गोविंदरावांच्या खोक्यातून मुंगीसुद्धा नोंद केल्याशिवाय बाहेर पडत नाही. उद्या हे पान छापलं असतं तर मी वाचकांना काय सांगू? की आमच्याकडे पत्ता आहे, घर नाही?"

बाबांचे कान लाल झाले. मला वाटलं होतं मला आनंद होईल. अजिबात झाला नाही. बाबा उठले, खुंटीवरच्या काळ्या कोटापाशी गेले, आतल्या खिशातून दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. दोन महिने तो गठ्ठा रोज त्यांच्याबरोबर शनिवारात जाऊन येत होता.

आबासाहेबांनी दोरा सोडला. अकरा चिठ्ठ्या. प्रत्येकीवर तोच शब्द आणि प्रत्येकीवर अर्थ लिहून खोडलेला. 'कुष्ठाचा एक प्रकार', खोडलेलं, बाजूला 'वैद्यकात निराळे'. 'कातडी दूषित होणे', खोडलेलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह. 'असाध्य विकार', खोडलेलं, इतकं की कागद फाटला होता. एकीवर जुन्या शापांतला आणि शपथांतला वापर टिपला होता, खोटं बोलशील तर अंगावर कोड फुटेल अशातला, तोही खोडलेला.

"जुनं एकही चालेना," बाबा म्हणाले. "खरं लिहावं तर जुने अर्थ सगळे विषारी. सोडून द्यावेत तर कोशाशी बेइमानी. आणि लिहिताना समोर..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. "मला जमलं नाही, आबासाहेब."

मी त्या माणसावर दोन महिने रागावले होते. आता मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्याच्या पाठीत धपाटाही घालावासा वाटत होता. 'वसू, मला जमत नाहीये' एवढं मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण त्या पिढीतले बाप असं सांगत नसत.

आबासाहेबांनी चिठ्ठ्या बाजूला सारल्या. "'थांबा' हिने म्हटलंय. नियम सगळ्यांना सारखा. सांग. व्युत्पत्ती?"

"संस्कृत कुष्ठ, मग कोढ, मग कोड."

"हे कुणी शिकवलं?"

"अत्तारचाचांनी."

"चांगला माणूस. अर्थ?"

"कातडीचा रंग जाऊन पांढरे डाग पडण्याचा विकार. दुखत नाही. झडत नाही. लागत नाही. खाण्याने होत नाही. पापाने होत नाही."

"पुरे, पुरे." आबासाहेबांनी हात वर केला. "बाळ, कोशात जे आहे ते लिहितात. नाही ते लिहीत बसलो तर मांजराखाली लिहावं लागेल, भुंकत नाही."

"मांजर भुंकतं असं कुणाला वाटत नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "माझ्या शेजारी बाकावर बसायला मुली घाबरतात. त्या पहिल्यांदा 'नाही' तेच विचारतात, लागतं का म्हणून. कोशात पाहिलं तर तिथेही उत्तर नसेल, मग कोश कशाला पाहायचा?"

आबासाहेबांपुढे कुणी असं बोलत नसे. बाबा खुर्चीत ताठ झाले. आबासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग मुद्रितावर बोटांनी ओळी मोजल्या.

"चार ओळी लागतील," ते म्हणाले. "कोडगेपणाचे दोन आधार कमी करा, पुण्यात त्याला पुरावा लागत नाही. आणि एक 'नाही' देतो. एकच. निवड."

मी पाचही मनात फिरवले. आंबटाचं 'नाही' मला फार हवं होतं, खोटं कशाला बोलू. पण बाकावरच्या मुली आठवल्या. "संसर्गाने होत नाही," मी म्हणाले.

"लिहा, गोविंदराव. आता उपयोग. वाक्य सांग."

इथे मी अडले. तोंडाशी येत होतं ते सगळं शेजारच्या काकूंच्या आवाजातलं. तिला कोड आहे म्हणे. त्यांच्या घरात कोड आहे, जपून. ह्या शब्दाचं एक साधं, सरळ वाक्य मी कधी ऐकलंच नव्हतं. बाबांची पेन्सिल थांबली होती. खालचं यंत्र रविवारमुळे बंद, त्यामुळे घर फारच शांत होतं.

आतून आईचा आवाज आला. चिठ्ठ्या वाचायचा तोच, एका सुरातला.

"माझ्या मुलीला कोड आहे, पूर्णविराम."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा. बाबांनी लिहिलं. त्यांचं अक्षर त्या एका ओळीत जरा वाकडं आलं आहे. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे म्हणून सांगू शकते.

"आधार?" आबासाहेबांनी विचारलं. नियम म्हणजे नियम.

"घरचा," आई म्हणाली आणि आत गेली.

पुढे 'क'चा खंड निघाला, कुणी त्याचं कौतुक केलं, कुणी वर्तमानपत्रात पत्र लिहून सतरा चुका दाखवल्या. माझ्या शब्दात कुणाला चूक सापडली नाही. आज ते कोड माझ्या हातांवर, गळ्यावर, पाठीवर सगळीकडे आहे, मूळ रंगाचेच तेवढे चार डाग उरलेत, आणि नव्या सोसायटीतल्या मुलांनी लिफ्टमध्ये विचारलं की मी चार ओळींत उत्तर देते. त्यातली एक ओळ 'नाही'ची असते.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. आबासाहेब जेवायला थांबले. आईने पानं मांडली, भात वाढला, तूप वाढलं, आणि शेवटच्या भाताला माझ्या पानात दुधाच्या जागी ताकाची वाटी आली. वर कोथिंबीर, मिरचीची फोडणी. मला वाटलं आबासाहेबांची वाटी चुकून इकडे आली. मी ती सरकवू लागले.

"तुझीच आहे," आई म्हणाली.

"पण पथ्य?"

"कोडाला कसलं आलंय पथ्य," आई म्हणाली, आणि आबासाहेबांना वाढायला वाकली. "मीठ बघ बरोबर आहे का."

बाबा पानात बघत हसले. ताक चांगलंच आंबट होतं. मी तीन वाट्या प्याले.